हलकी गाडी गप्प बसत नाही

आपल्या या मालिकेत आजवर तोफा झाल्या, रणगाडे झाले, पूल बांधणारी वाहनं झाली. आजचं वाहन सैन्यातलं नाही. दोन माणसांची, वर छप्पर नसलेली, वजनाला हलकी अशी स्पोर्ट्स कार आज आपल्याला बघायची आहे. तिचा वेग आणि तिचं रूप यांवर पुष्कळ बोललं जातं. मी बोलणार आहे तिच्या आवाजाबद्दल. इंजिनाच्या आवाजाबद्दल नव्हे, तर डॅशबोर्डची टकटक, दाराची करकर, टपाच्या कापडाची फडफड आणि सीटखालून कुठून तरी येणारी चुरचुर यांच्याबद्दल. या आवाजांनाही इतिहास आहे, आणि तो समजून घेतला की कुठला आवाज सोसायचा आणि कुठला एक मिनिटही सोसायचा नाही, हे कळतं. हा फरक जिवाशी येऊन भिडणारा आहे, म्हणून आजचा विषय.

मी ईएमईचा माणूस. म्हणजे लढणाऱ्यांच्या मागे पान्हा घेऊन उभी असणारी कोअर. चिलखती गाड्यांच्या सहवासात तीसेक वर्षं काढली, त्याची पावती म्हणून आज उजव्या कानात श्रवणयंत्र आहे. त्यामुळे आवाजाबद्दल मी बोलतो ते निव्वळ पुस्तकातलं नाही.

आधी मूळ कारण बघू. घरात मिठाईचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका असेल तर तो हातात घ्या. झाकण घट्ट लावून दोन्ही टोकांनी विरुद्ध दिशांना पिळून बघा. दाद देत नाही. आता झाकण काढा आणि तसंच पिळा. खोका ओल्या फडक्यासारखा मुरडतो. गाडीचंही असंच आहे. छप्पर म्हणजे खोक्याचं झाकण. ते काढलं की खड्ड्यात एक चाक गेल्याबरोबर सगळी गाडी किंचित पिळवटते. हा पीळ मिलिमीटरच्या हिशेबातला असतो, पण दार आणि चौकट, काच आणि रबर, डॅशबोर्ड आणि त्यामागचा पत्रा यांना एकमेकांवर घासायला किंवा आपटायला तेवढा पुरतो. पुढच्या काचेचा आणि स्टिअरिंगचा भाग थरथरतो त्याला इंग्रज कारागीर 'स्कटल शेक' म्हणतात. बंद गाडीत हे आवाज मुळात कमी, आणि उरलेले जाड गालिच्यात, डांबरी पट्ट्यांत आणि फोमात मुरतात. हलक्या गाडीत गालिचाही नसतो. वजन वाचवायचं म्हणून आधी छप्पर गेलं आणि मग आवाज गिळणारं सामानही गेलं.

आता इतिहास. या जातीच्या गाड्यांची खरी पंढरी इंग्लंड, आणि तिथल्या सुरुवातीच्या गाड्या लाकडाच्या होत्या. खाली पोलादी चॅसी, पण अंगाचा सांगाडा ॲश नावाच्या चिवट लाकडाचा आणि त्यावर पत्रा किंवा कापड. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किम्बर या माणसाने १९२८ मध्ये एमजीची पहिली मिजेट लोकांसमोर आणली. स्वस्त मॉरिस मायनरची चॅसी, ८४७ सीसीचं इंजिन आणि लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. दुसरं महायुद्ध संपताच १९४५ मध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजी टीसी बाहेर पडली, तीही त्याच पठडीतली. शिडीसारखी चॅसी, कमानपाटे आणि ॲशचा सांगाडा. १९४९ पर्यंत अशा १०,००० गाड्या झाल्या आणि त्यांतल्या सुमारे २,००० अमेरिकेत गेल्या. टीसीचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे अमेरिकन रस्त्यावर चुकीच्या बाजूला, तरी तिथे तिचं वेड पसरलं. किम्बरच्या नशिबी हे पाहणं नव्हतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळच्या रेल्वे अपघातात तो गेला.

लाकडाचा स्वभाव बैलगाडीवाल्याला सांगायला नको. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सांधे सैल झाले की बोलू लागतं. या गाड्यांची चॅसी मुद्दामच थोडी लवचिक असायची. कमानपाटे इतके ताठ की अर्धं काम चॅसीच्या वाकण्यानेच व्हायचं. म्हणजे त्या काळात करकर हा दोष नव्हता, तो रचनेचाच भाग होता. माल्व्हर्नची मॉर्गन कंपनी आजही ॲशच्या चौकटी करते. वर्षानुवर्षं तीच गाडी हाकणाऱ्या माणसाला हवामान बदललं की गाडीचा आवाज बदललेला कळतो.

दुसरा टप्पा फायबरग्लासचा, आणि त्याचा नायक कॉलिन चॅपमन. जन्म १९२८. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर त्याने पहिली गाडी बनवली आणि १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली. आधी साधं करा, मग त्यात हलकेपणा मिसळा, अशा अर्थाचं एक सूत्र त्याच्या नावावर सांगितलं जातं. १९५७ ची लोटस सेव्हन म्हणजे या सूत्राची मूर्ती. नळ्या जोडून केलेला पिंजरा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, वजन सुमारे ५०० किलो. दारं नाहीतच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे दार खडखडण्याचा प्रश्नच मिटला! ती सुट्या भागांत विकत मिळायची, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. घरच्या गॅरेजात स्वतः बोल्ट आवळलेल्या माणसाला प्रत्येक आवाजाचा पत्ता ठाऊक असे. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि तिचे वंशज आजही बनतात.

त्याच १९५७ मध्ये चॅपमनने लोटस एलिट दाखवली. ही छप्पर असलेली, पण आपल्या विषयाला फार महत्त्वाची. तिच्यात चॅसी नव्हती, अख्खं अंगच फायबरग्लासचं आणि तेच भार पेलणारं. वजनाच्या दृष्टीने कमाल. पण मागचा डिफरन्शियल थेट त्या फायबरग्लासला जोडलेला, त्यामुळे दात्यांची घरघर सगळ्या अंगात पसरायची. गाडी म्हणजे चालता डग्गाच. दारांचा आकार असा वक्र की काचा खाली सरकायच्या नाहीत. हवा हवी असेल तर काच काढून ठेवायची. म्हणजे छप्पर असूनही आवाज सुटला नाही. हलकं, पातळ आणि ताठ असं कवच असलं की ते तबल्याच्या पुडीसारखं वाजणारच, हा धडा एलिटने दिला.

१९६२ च्या लोटस एलानने त्यावर तोड काढली. उघड्या गाडीला नुसतं फायबरग्लासचं अंग पुरेसं ताठ होईना, तेव्हा मधोमध पत्रा घडी घालून केलेला पोलादी कणा बसवला. दोन्ही टोकांना दुभंगलेला, त्यात इंजिन आणि चाकांची जोडणी. सगळे धक्के कण्याने घ्यायचे आणि वरचं अंग फक्त वारा अडवायला. वजन ७०० किलोंच्या आत. रॉन हिकमन हा या गाडीमागचा एक प्रमुख अभियंता. घडीचं कामकाजी टेबल, ब्लॅक अँड डेकरचं वर्कमेट, हीदेखील त्याचीच कल्पना. एलानमध्ये आवाज संपले का? नाही. पण कोणता भाग भार पेलतो आणि कोणता नुसता पांघरूण आहे, हे वेगळं झालं. पांघरुणाने केलेला आवाज आणि कण्याने केलेला आवाज यांत फरक करता येऊ लागला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता या गोष्टीतलं कडू पान. चॅपमनची हलकेपणाची हाव शर्यतीच्या गाड्यांत फार पुढे गेली होती. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या माँजुइक सर्किटवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. रिंट जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहिलं. सारांश असा की गाडी एवढी वेगवान आहे की थोडं वजन वाढवून तिचे कमजोर भाग मजबूत केले तरी आपण मागे पडणार नाही, आणि अशा गाडीवर माझा विश्वास उरलेला नाही. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, इटलीत मोन्झाला सरावाच्या वेळी ब्रेक दाबताना त्याची गाडी कठड्यावर आदळली. पुढच्या चाकाला ब्रेकशी जोडणारा शाफ्ट तुटला होता, आणि कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट गेला. तोवर त्याचे गुण इतके झाले होते की त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्यालाच मिळालं. मरणोत्तर जगज्जेता झालेला फॉर्म्युला वनमधला तो एकटाच.

सैन्यात आम्ही हिशेब शिकतो तो हाच. ओझं कमी केलं तर जवान चपळ होतो, पण पाण्याची बाटली काढून केलेली चपळाई दुपारपर्यंतच टिकते. हलकेपणाची किंमत दोन प्रकारे भरता येते. सोय देऊन किंवा सुरक्षितता देऊन. गालिचा काढला तर कान किंमत भरतात. शाफ्ट बारीक केला तर माणूस भरतो. बाहेरून दोन्ही गोष्टी वजनकाट्यावर सारख्याच दिसतात, म्हणून फसायला होतं.

पुढे १९७० च्या दशकात ही जातच संपते की काय अशी वेळ आली. सुरक्षेचे नियम कडक झाले, कामगारांचे वाद वाढले, गाड्या जुनाट झाल्या आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला. पुनर्जन्म झाला तो जपानच्या हाताने. अमेरिकन मोटार पत्रकार बॉब हॉल याने १९७९ मध्ये माझदाच्या केनइची यामामोतोंना सुचवलं की जुन्या इंग्रज धाटणीची साधी उघडी गाडी पुन्हा काढा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ आली. तोशिहिको हिराई हे तिचे प्रमुख अभियंते. त्यांचं ब्रीद होतं 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट त्यांनी घातली, त्यामुळे इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतचा भाग एकसंध झाला. शिवाय सायलेन्सरचा आवाज त्यांनी वाद्य जुळवावं तसा जुळवला. म्हणजे नको ते आवाज दाबायचे आणि हवा तो ऐकू द्यायचा. पण झाकण नसलेला खोका तो खोकाच. काही वर्षांनी १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा गाडीच्या अंगात ताठपणासाठी जादा आडव्या पट्ट्या घालाव्या लागल्या आणि वजन वाढलं. पीळ कमी करायचा तर किलो मोजावे लागतात. २०१६ मध्ये या गाडीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. म्हणजे थोडा खडखडाट सहन करणारे लोक जगात कमी नाहीत.

चौथा टप्पा गोंदाचा, आणि तो मला सगळ्यांत जवळचा. १९९५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात लोटसने एलिझ दाखवली. कंपनीचे तेव्हाचे मालक रोमानो आर्टिओली यांच्या नातीचं, एलिसाचं, नाव तिला दिलेलं. अभियंता रिचर्ड रॅकहॅम याने चॅसी ॲल्युमिनियमच्या साच्यातून काढलेल्या पट्ट्यांची केली आणि त्या वेल्डिंगने न जोडता चक्क इपॉक्सी गोंदाने चिकटवल्या. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम कमजोर पडतं, मग ते जाड घ्यावं लागतं. चिकटवलं तर पातळ चालतं. सांधा उकलू नये म्हणून जोडीला स्क्रू. अशी ही चॅसी ६८ किलोंची आणि अख्खी गाडी ७२५ किलोंच्या आसपास. जमीन उघड्या ॲल्युमिनियमची, गालिचा नाहीच. सांधे घट्ट असल्यामुळे चॅसी गप्प, पण चाकाने उडवलेला खडा तळाला लागला की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतं.

धातू गोंदाने जोडण्याची विद्या आली कुठून? केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांच्या एरो रिसर्च कंपनीने १९४१ मध्ये 'रिडक्स' नावाचा गोंद तयार केला. रिसर्च आणि डक्सफर्ड मिळून रिडक्स. बनवला विमानांसाठी, पण त्याचा पहिला उपयोग झाला तो चर्चिल आणि क्रॉमवेल रणगाड्यांच्या क्लच प्लेटांत. मी आयुष्यभर क्लच प्लेटा हाताळल्या, त्यामुळे हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. आणि एलिझ जिथे बनली तो नॉरफकमधला हेथेलचा कारखानाही महायुद्धातल्या अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमानांच्या तळावर उभा आहे. जुन्या धावपट्टीचा भाग चाचणीच्या रस्त्यात वापरला गेला. इतिहास असा जमिनीखाली झोपलेला असतो.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. माझा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. त्याच्याकडे वीसेक वर्षं जुनी अशी एक उघडी गाडी आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण जे झालं ते वयाने झालं. दोन उन्हाळे आम्ही काका-पुतण्यांनी तिचे आवाज शोधण्यात घालवले. पद्धत ईएमईची. एक वही करायची. कुठला आवाज, किती वेगाला, कसल्या रस्त्यावर, गाडी थंड की गरम, ब्रेकवर की वळणावर, सगळं लिहायचं. एकाने चालवायची आणि दुसऱ्याने एकेक भाग हाताने दाबत जायचं. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला.

आवाजांच्या दोन जाती असतात. खडखड म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर आपटतात. त्यांच्यात फेल्टची पट्टी द्या, रबर द्या किंवा बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळा. करकर म्हणजे दोन पृष्ठभाग अडकतात आणि सुटतात, सारंगीच्या तारेवर गज फिरतो तसे. तिथे पट्टी नाही, वंगण लागतं. दाराच्या रबराला सिलिकॉनचं वंगण लावलं की निम्मी करकर बंद होते. टपाच्या सांध्यांना थेंबभर तेल. हातमोज्यांच्या खणात चाव्या, नाणी, चष्मा सुटा ठेवायचा नाही. पुतण्याच्या गाडीतली सगळ्यांत छळणारी टकटक सीटच्या रुळात पडलेल्या एका नाण्याची निघाली.

पण एक आवाज वेगळा होता. ब्रेक दाबला की पुढून डावीकडून एकच जड ठक्. पुतण्या म्हणाला, "काका, हा जुनाच आहे. मला आता ऐकूही येत नाही." मला तर तो खरोखरच ऐकू येत नव्हता, कारण त्या पट्टीतलं माझ्या कानाला उमजत नाही. पण पाय जमिनीवर टेकलेले होते आणि तळहात दाराच्या कडेवर. ठोका हाताला कळला. रस्ता गुळगुळीत असला तरी यायचा, ब्रेक सोडला की जायचा. म्हणजे तो पांघरुणाचा नव्हता, कण्याचा होता. जॅक लावून चाक हलवलं तर खालच्या बाजूचा बॉल जॉइंट झिजून खुळखुळा झालेला. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन स्कॉटलंडला निघणार होता. आधी जॉइंट बदलला, मग ते गेले.

त्या उन्हाळ्यात वहीच्या पहिल्या पानावर मी जे लिहून दिलं, ते तुम्हालाही देतो. आवाज रस्त्याच्या खडबडीतपणाबरोबर वाढत असेल तर तो बहुतेक अंगाचा. तो सोसा, शोधा, वेळ मिळेल तेव्हा मिटवा. आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर, ब्रेकबरोबर किंवा स्टिअरिंगबरोबर येत असेल तर तो यंत्राचा. गाडी बाजूला घ्या, आधी चाकाचे नट बघा, मग बाकीचं. आणि कालपर्यंत नव्हता असा कुठलाही नवा आवाज यंत्राचाच समजा, उलट सिद्ध होईपर्यंत. ही नियमावली स्पोर्ट्स कारपुरती नाही. तुमच्या स्कूटरला, रिक्षाला, गावाकडच्या ट्रॅक्टरलाही हीच लागू.

दुसरी काळजी स्वतःच्या कानाची. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी मानलेली सुरक्षित मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. ताशी १०० किलोमीटरच्या वर उघड्या गाडीत वाऱ्याचाच आवाज ८५ ओलांडतो. लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घालायला लाजू नका. मी तरुण असताना आमच्यात ते बायकी समजलं जायचं. त्या मर्दुमकीची किंमत आज नातवंडं मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगून भरतात.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं आपण म्हणतो. या गाड्यांच्या बाबतीत ते निम्मंच खरं आहे. त्यांचा खळखळाट बव्हंशी प्रामाणिक असतो. जे आवाज जड गाडी फोमाखाली दडवते, ते हलकी गाडी तोंडावर सांगते. धोका तिच्या बोलण्यात नाही, आपण ऐकेनासे होतो त्यात आहे. माणूस कशालाही सरावतो. तोफेला सरावतो, मग ब्रेकवरच्या ठोक्याला सरावायला त्याला कितीसा वेळ लागणार? म्हणून महिन्यातून एकदा कुणा परक्या माणसाला शेजारी बसवा, गाडीत गाणी लावू नका, आणि त्याला फक्त एवढंच विचारा की तुला काय काय ऐकू येतंय. तो जे सांगेल ते वहीत लिहा.

पुढच्या भागात पुन्हा सैन्याकडे वळू आणि आमच्या कोअरची जुन्या काळातली फिरती वर्कशॉप बघू. तोवर गाडी सांभाळून चालवा. जय हिंद.